दोर कशाला बांधलाय?

आपण दोराचं कौतुक करतो, गाठीकडं लक्ष देत नाही. दोर किती जाड आहे, कशाचा आहे, किती वजन पेलेल, असं विचारणारं गिऱ्हाईक जालन्याच्या बाजारात मी पुष्कळ पाहिलंय. हा दोर वरच्या टोकाला कशाला बांधणार आणि कसा बांधणार, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो. खोल जागेत उतरणाऱ्या माणसाचा जीव मधल्या पन्नास हात दोरावर जेवढा असतो, त्याहून जास्त वरच्या त्या एका वितीवर असतो. आज मला या वितीचा इतिहास सांगायचा आहे.

माझा धंदा शब्दांचा, तेव्हा सुरुवात शब्दापासून करतो. मी घरात दखनी बोलत वाढलो आणि कविता मराठीत लिहिली, त्यामुळं एकाच वस्तूची दोन-तीन नावं कायम कानात असतात. मराठीत ‘गाठ पडली’ म्हणजे भेट झाली. जवळचा पैसा गाठीला असतो, प्रवासाचं सामान गाठोड्यात असतं, ठरवलेल्या गोष्टीची मनाशी खूणगाठ बांधली जाते. लग्नात तर प्रत्यक्षच गाठ मारतात. आमच्याकडं निकाहाला ‘अक्द’ म्हणतात, आणि या अरबी शब्दाचा मूळ अर्थही गाठच. फारसीची ‘गिरह’ उर्दूत आली आणि घरचीच झाली. वाढदिवसाला सालगिरह म्हणतात ते का? दरवर्षी एका दोऱ्याला एक गाठ मारून वय मोजायची रीत होती, मोगल दरबारातही ती पाळली जायची. कापड मोजायच्या गजाचे सोळा भाग, त्यातल्या प्रत्येकाचं नाव गिरह. आणि मुशायऱ्यात दिलेल्या ओळीला शायर स्वतःची ओळ जोडतो, त्याला ‘गिरह लगाना’ म्हणतात. जोड सैल असला की मागच्या रांगेतला म्हातारा श्रोतासुद्धा मान हलवायची थांबतो.

मराठीत गाठींची वर्गवारी फार नेमकी आहे. सुरगाठ ओढली की सुटते. निरगाठ ओढली की आणखी आवळते. सरकफास भार पडला की आतल्या वस्तूभोवती मिटत जातो. जनावर पकडायला तो बरा, माणसाच्या कमरेला तो कधीही घालू नये. आणि चौथी गाठ म्हणजे असा फासा, जो भार पडल्यावर सरकत नाही, आवळत नाही, आणि काम झाल्यावर बोटांनी सोडवता येतो. विहिरीत पडलेल्या माणसाला वर काढायचं तर हीच गाठ लागते. जहाजावरच्या खलाशांनी तिला ‘बोलाइन’ म्हटलं. क्लिफर्ड ॲशले या अमेरिकी माणसानं १९४४ साली गाठींचा एक अवाढव्य ग्रंथ काढला, त्यात सुमारे ३८०० नोंदी आहेत. त्यातली १०१० क्रमांकाची नोंद या गाठीची. आमचे गाडीवान तीच गाठ कोणतंही पुस्तक न वाचता मारायचे.

आता तुम्ही म्हणाल, जालना जिल्ह्यात खोल गुहा कुठं आहेत? खरं आहे, नाहीत. दोर लावून शेकडो फूट उतरावं लागतं अशा नैसर्गिक गुहा बहुतेक चुनखडीच्या डोंगरात होतात. पाण्यात चुनखडी विरघळत जाते, लाखो वर्षांत आत पोकळ्या आणि विवरं तयार होतात. आपला खडक काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडच्या नावाजलेल्या गुहा माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेल्या आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या अजिंठा-वेरूळला जग येतं. आमच्या भोकरदनला केळणा नदीच्या काठी लेणी आहेत, तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. हे भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती सापडली, ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा माल किंवा कारागिरी समुद्रापलीकडं पोचत होती. असो.

तर गुहा नसल्या तरी खोल उतरायचा अनुभव आपल्याला नवा नाही. आपली गुहा म्हणजे विहीर. तीही याच काळ्या खडकात खोदलेली. ती दोन प्रकारची. एक बारव, जिच्यात पायऱ्यांनी पाण्यापर्यंत जाता येतं. राजानं, राणीनं किंवा सावकारानं बांधलेली, कोनाडे आणि कमानी असलेली. दुसरी शेतकऱ्याची उभी विहीर. तिच्यात पायऱ्या असल्या तर चार दगड बाहेर काढलेले, नाहीतर नुसता दोर.

आजोळी, भोकरदन तालुक्यात, १९७०च्या दशकाच्या शेवटाला एक मोट अजून चालायची. बाकीच्या विहिरींवर डिझेलची इंजिनं आली होती, त्यांची फटफट दूरवर ऐकू यायची. माझे नाना मात्र मोटेला चिकटून होते, कारण मोटेला डिझेल लागत नाही. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पखाल, तिला खाली सोंडेसारखी नळी. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा. तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधलेली बारीक दोरी म्हणजे सोंदूर, ती खालच्या लाटेवरून जाते. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल उताराच्या धावेवरून खाली चालले की मोट वर येते. पाण्यात असताना आणि वर येताना सोंड दुमडलेली, तोंड वर. मोट काठावर आली की नाडा तिला आणखी वर ओढतो आणि सोंदूर सोंडेला थारोळ्यात लोळवते, भसकन पाणी पडतं. या सगळ्याची मख्खी दोन दोरांच्या लांबीत होती. वीतभर फरक पडला तर सोंड आधीच खाली येऊन पाणी परत विहिरीत, नाहीतर मोट वर येऊनही सोंड उचललेलीच. लांबी कमी-जास्त करायची जागा एकच, गाठ.

नाना पहाटे बैल जुंपायच्या आधी जुवाजवळच्या गाठीवरून अंगठा फिरवायचे. नंतर मोटेच्या कडीजवळच्या गाठीवरून. मधला नाडा ते क्वचितच बघायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘रस्सी कू नक्को देख बेटा, बांधे वां देख.’ कारण दोर झिजतो तो जिथं वाकतो आणि घासतो तिथं. गाठीत तो सगळ्यात जास्त वाकलेला असतो. आज प्रयोगशाळेत दोर ताणून पाहतात तेव्हा हेच दिसतं. गाठ मारली की दोराची ताकद गाठीगणिक वेगवेगळी, पण साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी होते. दोर तुटला तर बहुतेकदा गाठीच्या तोंडाशीच तुटतो. नाना झिजलेला तुकडा कोयत्यानं कापून टाकायचे, नवी गाठ मारायचे, आणि तेवढीच सोंदूरही आखूड करून घ्यायचे.

हा नाडा वळायचा कोण? आमच्या भागात हे काम मातंग समाजाकडं होतं. अंबाडी, ताग किंवा केकताड पाण्यात कुजत घालायचं, सोलून वाख काढायचा, धुऊन वाळवायचा, मग वळायचा. वळण्यात एक शास्त्र आहे. आधी सूत एका दिशेला पिळायचं, मग त्या सुतांचे पेड उलट दिशेला एकमेकांभोवती वळायचे. सुताला उलगडायचं असतं एका बाजूला, पेडांना दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांना अडवून धरतात. दोराची घट्टी यातून येते. तीन पेडांचा नाडा वळताना एक माणूस टोकाला पीळ देत बसायचा, दुसरा पेडांमध्ये लाकडाचा ठोकळा धरून पावलापावलानं सरकत राहायचा. कासरा, दावं, चऱ्हाट, नाडा, वर्षभराचं सगळं शेतकऱ्याला पुरवायचं आणि सुगीत खळ्यावर बलुतं घ्यायचं, असा व्यवहार. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. ती ज्यांच्या कामातून आली त्यांची आठवण कुणी ठेवत नाही. आणि त्याहून कडू गोष्ट ही, की ज्याच्या हातचा नाडा विहिरीत रोज भिजायचा, त्याला त्या विहिरीवर पोहरा टाकायची मुभा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतलं, त्याचा अर्थ पुस्तकातून समजायच्या आधी मला माझ्या आजोळच्या विहिरीवर समजला होता.

दोर ओला झाला की आखडतो, वाळला की सैलावतो. विहिरीवर काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण या एका गुणानं एकदा साम्राज्याच्या महसुलाला घोर लावला होता. अकबराच्या काळी जमीन मोजायला तागाच्या जातीचा दोर वापरत. अबुल फज्लनं ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय, की हा दोर हवेतल्या ओलीप्रमाणं लहान-मोठा व्हायचा, आणि लबाड लोक तो मुद्दाम दवात ठेवायचे. सकाळी ओल्या, आखूड दोरानं मोजलं की रयतेची जमीन कागदावर वाढायची. दुपारनंतर वाळलेल्या दोरानं मोजलं की सरकारचं नुकसान. शेवटी दोर बाजूला सारून बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आणली. दोरामुळं शेतकऱ्यावर अन्याय होतो हे लक्षात घेऊन मापच बदललं, हे त्या राजवटीचं मला मोठेपण वाटतं.

दोर आणि गाठ यांचा आमच्या जिल्ह्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो सांगितला की लोक चकित होतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांचा तोफखाना असा काही चालला, की इंग्रजांचे गोलंदाज आणि तोफा ओढणारे बैल जागीच पडले. जुंपलेले बैल मेल्यावर तोफ पुढं नेणार कशी? त्या मागं टाकून वेलस्लीला पायदळ संगिनींवर पुढं न्यावं लागलं. लढाई त्यानं जिंकली, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींसाठी अजिंठा गावच्या किल्ल्यात इस्पितळ उघडलं. तिथून थोड्याच अंतरावरची लेणी साहेबाच्या नजरेस पडायला अजून सोळा वर्षं होती, तो योग १८१९चा.

या वेलस्लीच्या नावावर म्हातारपणची एक गोष्ट सांगितली जाते. नेपोलियनचे सरदार मोहिमेची योजना आखत ती घोड्याच्या भारी सरंजामासारखी, दिसायला देखणी, चालायलाही छान, पण एकदा तुटली की संपलं. आपण मात्र मोहिमा दोराच्या केल्या, कुठं तुटलं की गाठ मारली आणि पुढं निघालो, असं तो म्हणाल्याचं नोंदलेलं आहे. हे शहाणपण त्यानं कुठून घेतलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझा आपला एक तर्क आहे. हा माणूस दख्खनमध्ये वर्षानुवर्षं बैलांच्या तांड्यांवर फौज पोसत होता, बैल आणि गाड्या यांच्याबद्दल त्याची पत्रंच्या पत्रं आहेत. तुटलेल्या दोराला वाटेत गाठ मारून गाडी हाकणारे गाडीवान त्यानं इथं रोज पाहिले असणार. इतिहासकारांनी हसावं, माझी हरकत नाही.

दोर म्हटलं की मराठी माणसाला सिंहगड आठवतो. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र, तानाजी मालुसरे, आणि ती घोरपड. घोरपडीची कथा पोवाड्यांतून आली, इतिहासकार तिला दंतकथा मानतात. जनावराच्या नखांच्या भरवशावर माणसं कडा चढतील, हे संभवत नाही. पण दंतकथा करणाऱ्याच्या मनात खरी अडचण बरोबर होती. कडा चढायचा आहे, दोर हातात आहे, तर वरचं टोक बांधणार कोण? आधी कुणीतरी दोराशिवाय वर गेलं पाहिजे. त्या पहिल्या माणसाच्या जागी लोकांनी घोरपड ठेवली.

खाली उतरणाऱ्याची अडचण उलटी असते. वरचं टोक त्याच्या हातात असतं, हवं तसं बांधून घ्यायला वेळ असतो, आणि तरीही सर्वात जास्त घात तिथंच होतो. युरोपात गुहा धुंडाळण्याला शास्त्राचं रूप आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. एदुआर मार्तेल हा फ्रेंच वकील त्यातला मोठा माणूस. १८९५ साली तो इंग्लंडमधल्या गेपिंग गिल या सुमारे शंभर मीटर उभ्या विवरात उतरला. दोर, दोराची शिडी आणि वरच्यांशी बोलायला टेलिफोन असा त्याचा जामानिमा होता. नंतर पोलादी तारेच्या हलक्या शिड्या आल्या. मग शिडी टाकून एकाच दोरावर उतरायचं आणि त्याच दोरावर चढून यायचं, अशी पद्धत रुळली.

दोरावर चढणार कसं? १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं एक गाठ छापून प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा फासा जाड दोराभोवती दोन-तीन वेढे देऊन अडकवायचा. हातानं सरकवला तर सरकतो, त्याच्यावर भार दिला की दोराला चावून बसतो. अशा दोन फाशांवर आळीपाळीनं उभं राहत माणूस शंभर मीटर वर येतो. प्रुसिक संगीताचा शिक्षक होता, आणि वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना ही युक्ती सुचली असं सांगतात. खरं असो की नसो, मला ही गोष्ट आवडते.

मग नायलॉन आलं. १९५३ साली जर्मनीत आत भार घेणारे धागे आणि वरून विणलेलं कवच असा दोर निघाला, आणि गिर्यारोहण, गुहा, बचावकार्य, सगळीकडं तोच झाला. कुजत नाही, हलका, मजबूत. पण गाठींचं गणित बदललं. वाखाचा दोर खरखरीत, त्यात मारलेली गाठ पाण्यानं फुगून आणखी धरायची. नायलॉन गुळगुळीत. जुन्या खलाशांची बोलाइन या ताठ दोरात भार नसताना हळूहळू सैल होऊ शकते, म्हणून तिच्या शेपटाला आणखी एक गाठ मारतात. गुहेत उतरणारे आता बहुधा आठाची गाठ पसंत करतात. ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते, त्यामुळं चुकली तर टॉर्चच्या उजेडात लांबूनही कळतं. दोराच्या मध्यावर फासा हवा असेल तर फुलपाखरासारखी दिसणारी गाठ असते, तिला कुठूनही ओढलं तरी चालतं. खडकाला दोर घासत असेल तर खाली आणखी एका जागी तो बांधून घासणं चुकवतात. आमच्याकडं विहिरीच्या काठावर गोणपाट अंथरतात, तो याचाच धाकटा भाऊ. आणि दोराच्या खालच्या टोकाला न चुकता एक मोठी गाठ मारतात. अंधारात टोक कळत नाही, दोर संपून माणूस निसटू नये म्हणून.

बांधायच्या जागेचं गणित तर शाळेत शिकवावं असं आहे. एका खुंटीवर भरवसा नको म्हणून दोन खुंट्यांना दोर बांधतात, इंग्रजी वायच्या आकारात. आपल्याला वाटतं, भार अर्धा-अर्धा वाटला गेला. पण ते दोन फाट्यांमधल्या कोनावर आहे. फाटे जवळजवळ असले तर खरंच निम्मा-निम्मा. कोन ९० अंश झाला की प्रत्येक खुंटीवर सुमारे ७१ टक्के भार. १२० अंशाला प्रत्येक खुंटीवर पूर्ण भार, म्हणजे दुसरी खुंटी लावून भार काहीच हलका झाला नाही. त्याहून दोर ताणून आडवा बांधला तर दोन्ही खुंट्यांवर माणसाच्या वजनापेक्षा जास्त भार. कपडे वाळत घालायची तार फार ताणली की खिळा उपटून येतो, ते यामुळंच.

आणि आता ज्या घटनेसाठी मी हे सगळं सांगत आलो ती. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर पिरेनीज पर्वतात पिएर-सां-मार्तां नावाचं विवर आहे. त्याची सुरुवातीची सरळ उडी ३२० मीटर आहे. १९५० साली ते सापडलं. इतक्या खोलीला शिडी पुरत नाही म्हणून विजेवर चालणारं रहाट आणि पोलादी तार आणली. ऑगस्ट १९५२ मध्ये मार्सेल लुबाँ हा अनुभवी गुहायात्री तळाशी काही दिवस काम करून वर यायला निघाला. तार त्याला उचलू लागली. थोडं वर आल्यावर तार आणि त्याच्या अंगावरचे पट्टे जोडणारी पकड सुटली. तो खालच्या दगडांवर आदळला. साथीदार जवळ होते, डॉक्टरही उतरला, पण त्या अवस्थेत माणसाला ३२० मीटर वर आणणं शक्य नव्हतं. सुमारे दीड दिवसानं तो तिथंच गेला. सोबत्यांनी त्याला तळाशीच दगडांखाली ठेवलं. १९५४ साली, दोन वर्षांनी, त्याचा देह वर आणला. पोलादी तार शाबूत होती. सुटला तो जोड.

हे वाचून मी तेव्हा पुस्तक मिटलं, कारण असंच रहाट मी आमच्या शिवारात दररोज पाहतो. विहीर खोदायची किंवा गाळ काढायचा तर आता क्रेन येते, काही जण तिला यारी म्हणतात. विहिरीच्या काठावर लोखंडी सांगाडा, डिझेल इंजिन, ड्रमला गुंडाळलेली पोलादी तार, टोकाला हुक, हुकाला मोठा डबा. डब्यातून दगड वर येतात आणि मजूरही त्याच डब्यात उभे राहून खाली-वर जातात. मराठवाड्यात दुष्काळ पडला की विहिरी आणखी खोल जातात. १९७२ झाला, २०१३च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा होरपळला, तेव्हा तर जिकडंतिकडं हेच काम. चाळीस फुटांची विहीर साठ-सत्तर फूट होते, आणि डब्यातल्या माणसाची उंचीही तेवढीच वाढते. तार तुटून, हुक निसटून मजूर पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून येत राहतात, आतल्या पानावर चार ओळींत. तार ‘तुटली’ असं छापतात. खरोखर तुटली की टोकाची पकड सुटली, हे बघायला कुणी थांबत नाही.

तार दोरासारखी गाठीत बसत नाही. ती वळवून तिच्यावर इंग्रजी यू आकाराच्या बोल्टची पकड आवळतात. इथं एक साधा नियम आहे. पकडीची चपटी बैठक भार घेणाऱ्या तारेवर यावी, आणि यू बोल्ट मोकळ्या शेपटावर. उलटं लावलं तर बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चेपतो आणि कमकुवत करतो. शिवाय अशी पकड एक चालत नाही. बारीक तारेलासुद्धा सहसा तीन लावतात, आणि एकदा भार दिल्यावर नट पुन्हा आवळतात. मी अंबड रस्त्याच्या बाजूच्या एका विहिरीवर मागच्या उन्हाळ्यात थांबून बघितलं. पकडी दोन होत्या आणि दोन्ही उलट्या. डब्यात तीन पोरं उभी होती, त्यातल्या दोघांच्या डोक्याला रुमाल, तिसऱ्याच्या तोही नाही. मी क्रेनवाल्याला म्हटलं, ‘दादा, ही पकड फिरवून लावा.’ तो म्हणाला, ‘चाचा, दोन वर्षं झाली, काही होत नाही.’ पण पान्ना शोधून आणला, पोरांना बाहेर काढलं आणि फिरवली. तिसरी पकड संध्याकाळी गावातून आणतो म्हणाला.

संकट आलं की दोर घेऊन धावणारी माणसंही आपल्याकडं आहेत. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, ३० जण गेले. मृतदेह वर आणायला महाबळेश्वर, पोलादपूर, महाड भागातले गिर्यारोहक धुक्यात आणि पावसात दोरांवर उतरले. त्याच महिन्यात थायलंडच्या गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. तिथं पाणी उपसायच्या कामात किर्लोस्करांचे आपल्या महाराष्ट्रातले तंत्रज्ञ गेले होते, आणि त्या मुलांना गुहेच्या कोरड्या भागांतून दोरांवर लावलेल्या स्ट्रेचरवरून बाहेर आणलं.

आमच्या जिल्ह्यात १८ जुलै २०२४ रोजी राजूर रस्त्यावर पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप कडेच्या विहिरीत पडली. सात जण दगावले. अशा वेळी सर्वात आधी पोचतो तो बाजूच्या शेतातला माणूस, हाताला लागेल तो दोर घेऊन. त्याच्याकडं नायलॉनचा दोर असतो, किलोवर तोलून आणलेला, मजबूत. वर बांधायला झाड असतं, ट्रॅक्टर असतो. बुडणाऱ्याच्या काखेखाली घालायचा फासा मात्र त्याला मारता येईलच असं नाही, कारण मोट गेली, गाडी गेली, बैल गेले, आणि बोटांना जी सवय होती ती एका पिढीत गेली. घाईत मारला जातो तो सरकफास, आणि वर ओढताना तोच छाती आवळतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात अजून कुणी गाडीवान, दोर वळणारे आजोबा, विहिरीचं काम केलेले वडार बांधव असतील, तर त्यांच्याकडं जाऊन बसा. न सरकणारा फासा त्यांच्याकडून मारून घ्या, चार वेळा स्वतः मारा, आणि त्या गाठीला तुमच्याकडं काय म्हणतात ते विचारून लिहून ठेवा. भोकरदनला वेगळं म्हणत असतील, परतूर-मंठ्याला वेगळं. मी एका वहीत ही नावं उतरवायला घेतलीत.